घडीचं घर, वाढतं घर

हल्ली लहान घरांचं कौतुक फार चाललं आहे. रविवारच्या पुरवण्या उघडा, बिल्डर मंडळींची गुळगुळीत माहितीपत्रकं उघडा, चित्र एकच असतं. दोनशे-अडीचशे चौरस फुटांची खोली, पांढऱ्या भिंती, खिडकीशी एक कुंडी, भिंतीतून खाली येणारा पलंग, घडी होणारं टेबल, जिन्याच्या पायऱ्यांमध्ये खण. खाली मजकूर असतो: कमी जागा, कमी सामान, कमी खर्च आणि पर्यावरणाचं रक्षण. मी हे चित्र बारकाईने बघते, आणि त्यात काय आहे यापेक्षा काय नाही हे मला आधी दिसतं. त्यात गॅसचं सिलिंडर नसतं. ओले कपडे नसतात. पाहुण्यांसाठी ठेवलेल्या गाद्या नसतात. निवडायला घेतलेलं तांदळाचं ताट नसतं. आणि त्या पलंगाची घडी रोज सकाळी कोण घालतं, ती व्यक्ती तर चित्रात कधीच नसते.

मी वास्तुकला शिकलेली नाही. कलाशाखेची पदवी, माहेर बेळगावकडचं आणि इंदुरातला तीस वर्षांचा संसार, एवढंच माझं भांडवल. पण कवितेवर लिहायला कवी असावं लागत नाही, तसं घरावर लिहायला घर वापरलेलं असलं तरी पुरतं, असं मी धरून चालते. घराची समीक्षा त्यात राबणाऱ्या बाईने करायची नाही तर कोणी?

आपल्या समाजात लहान घराची कल्पना लगेच पटते, कारण अपरिग्रहाचा संस्कार जुना आहे. गृहस्थाच्या परिग्रह-परिमाण व्रतात सोन्या-चांदीच्या आधी शेत आणि घर यांची मर्यादा सांगितलेली आहे. त्यामुळे कोणी 'कमी जागेत राहा' म्हटलं की आपल्या माना आपोआप डोलतात. इथेच थोडं थांबायला हवं. परिमाण हे आपलं आपण घ्यायचं असतं. ज्याच्याजवळ मोठं घर आहे, त्याने 'एवढंच पुरे' म्हणणं हे व्रत. ज्याला अडीचशे फुटांपलीकडे परवडतच नाही, त्याला तेवढ्यात कोंबायचं आणि वर साधेपणाचं सर्टिफिकेट द्यायचं, हा नुसता व्यापार. तेव्हा घर लहान आहे एवढ्यावरून ते चांगलं ठरत नाही. ते जुळवून घेणारं आहे का, हा खरा प्रश्न. आणि त्यातही जुळवून कोण घेतं, घर की घरातली बाई?

हा प्रश्न मनात ठेवून जगातल्या नावाजलेल्या लहान जागा मी पुस्तकांतून आणि नकाशांतून पाहिल्या. सुरुवात स्वयंपाकघरापासूनच करते.

१९२६ साली जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहरात कामगारांसाठी मोठ्या प्रमाणावर घरं बांधली जात होती. त्यांच्यासाठी मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुकार बाईंनी एक स्वयंपाकघर आखलं. ते जेमतेम १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब, म्हणजे आपल्या हिशेबाने सहा फूट बाय अकरा फूट. रेल्वेच्या जेवणाच्या डब्यातलं स्वयंपाकघर त्यांच्या डोळ्यांपुढे होतं. बाईची किती पावलं वाया जातात हे त्यांनी घड्याळ लावून मोजलं. पीठ, साखर, तांदूळ यांना नावं लिहिलेले वेगवेगळे खण, भिंतीतून खाली येणारी इस्त्रीची फळी, फिरतं स्टूल, छताला सरकता दिवा. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं तिथे बसवली गेली. आज आपल्याकडे ज्याला 'मॉड्युलर किचन' म्हणतात, त्याची ही आजी.

या बाईंबद्दल मला आदर आहे. बाईच्या कामाला काम समजून त्याची मोजदाद करणारी माणसं त्या काळी फार नव्हती. पुढे नाझींच्या विरोधात उभं राहून त्यांनी तुरुंगही भोगला. त्या कम्युनिस्ट होत्या, आणि घरकामात वाचलेला वेळ बाईला स्वतःसाठी मिळावा हा त्यांचा हेतू स्वच्छ होता. तरीही त्या आराखड्यात एक गोष्ट खटकते. ते स्वयंपाकघर एकाच बाईसाठी आहे. दोघी आत शिरल्या की पाठीला पाठ लागते. सणाच्या आदल्या दिवशी सासूने सारण ढवळावं, सुनेने पोळ्या लाटाव्यात, पोरीने मध्येच येऊन लाडू वळायला बसावं, याला तिथे जागाच नाही. पावलं वाचली खरी, पण बाई एकटी पडली. श्युटे-लिहोत्स्कींनी नंतर स्वतःच सांगितलं आहे की, हे स्वयंपाकघर आखण्यापूर्वी त्यांनी कधी स्वयंपाक केलेला नव्हता. पावलं बाहेरून मोजता येतात. सोबत मोजायची तर आत उभं राहावं लागतं.

दुसरं उदाहरण ल कॉर्बुझिए या थोर वास्तुकाराचं. चंदीगड आखणारे तेच हे. १९५१-५२ मध्ये त्यांनी दक्षिण फ्रान्समध्ये समुद्रकाठी स्वतःच्या सुट्टीसाठी एक लाकडी झोपडी बांधली. ३.६६ मीटर लांब, तेवढीच रुंद, म्हणजे बारा फूट बाय बारा फूट, उंची २.२६ मीटर. हात वर केला की छत. लहान घराचा आदर्श म्हणून ती आजही दाखवली जाते आणि युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतही तिचा समावेश झाला आहे. पत्नीला वाढदिवसाची भेट म्हणून आपण ती आखली, असं ते सांगत. या आदर्श घराला स्वयंपाकघर नाही! कारण लागूनच एक छोटं उपाहारगृह होतं आणि तिकडे जायला झोपडीतून एक दार ठेवलेलं होतं.

हे वाचून मी आधी हसले, मग थोडा हेवाही वाटला. बायकोला अशी भेट देणारे नवरे विरळाच! पण समीक्षक म्हणून दुसरी बाजूही मांडायला हवी. स्वयंपाक, भांडी, धान्य, कचरा हे सगळं शेजारच्याच्या अंगणात ढकललं की कुठलंही घर सुटसुटीत होतं. छोटं घर बघताना त्याने आपला भार कुणाच्या गळ्यात टाकला आहे, हे शोधायला हवं. तो भार कधी शेजारच्या खानावळीवर असतो, कधी घरच्या बाईच्या पाठीवर.

तिसरं उदाहरण टोकियोचं. किशो कुरोकावा या वास्तुकाराने १९७२ मध्ये नाकागिन कॅप्सूल टॉवर नावाची इमारत उभी केली. कपडे धुण्याच्या यंत्रांची चळत लावावी तशी ती दिसे. प्रत्येकी साधारण दहा चौरस मीटरचे १४० डबे दोन खांबांना बोल्टने जोडलेले, प्रत्येकाला एक गोल खिडकी. त्यात पलंग, फडताळ, न्हाणीघर सगळं बसवलेलं. स्वयंपाकघर इथेही नाही. कल्पना अशी की पंचवीस वर्षांनी जुना डबा काढायचा आणि नवा बसवायचा. बदलतं घर याहून आणखी काय असणार? प्रत्यक्षात पन्नास वर्षांत एकदाही डबे बदलले गेले नाहीत. एकट्या रहिवाशाला ते करता येण्यासारखं नव्हतं, आणि सगळ्यांचं एकमत नि पैसा जमत नव्हता. पाणी गळू लागलं, पत्रे गंजले आणि २०२२ मध्ये इमारत उतरवली गेली. काही डबे संग्रहालयांत जपून ठेवले आहेत.

'टिकाऊ' या शब्दाचा अर्थ मला या इमारतीने शिकवला. जे दुरुस्त करायला कारखाना लागतो, ते टिकाऊ नव्हे. कोपऱ्यावरचा गवंडी, सुतार किंवा नळवाला ज्याला हात लावू शकतो, ते टिकतं. बेळगावकडच्या आमच्या जुन्या घरातला सोपा, माजघर, भिंतीतले कोनाडे आणि वरचा माळा यांत काही मोठी हुशारी नव्हती. पण मुलं वाढली की सोप्याला आडभिंत घालता येई आणि लेक सासरी गेली की तीच काढता येई. घर तेवढंच असायचं, पण त्याला विचारायची सोय होती.

आता आपल्या आजच्या घडीच्या घरांकडे येते. माझा मुलगा आणि सून पुण्यात एका खोली-स्वयंपाकघराच्या जागेत राहतात. भिंतीत उभा राहणारा पलंग बिल्डरनेच बसवून दिलेला. पहिले काही आठवडे तो रोज सकाळी वर गेला, रात्री खाली आला. वर करायचा तर उशा, पांघरुणं काढून ठेवायला हवीत. ती ठेवायला कपाट हवं. कपाटापुढे टेबल उघडलेलं. टेबलावर सूनबाईंचा लॅपटॉप. तीन महिन्यांत तो पलंग कायमचा खाली आला तो आलाच. सूनबाई हसून म्हणाल्या, "आई, दिवसातून दोनदा घर लावायचं तर नोकरी कधी करू?" त्या आता पलंगाच्या कडेवर बसून ऑफिसचं काम करतात आणि पाठ धरली की ओट्याशी उभं राहून करतात.

एकाच खोलीची बैठक, झोपायची खोली आणि कचेरी करता येते हे खरं, पण ती आपोआप होत नाही. प्रत्येक बदलाला कुणाचे तरी हात लागतात. माहितीपत्रकात जिला 'बहुउपयोगी जागा' म्हणतात, तिचा अर्थ बहुतेक घरांत 'बाईचं वाढलेलं काम' असा होतो. तिथे घर बदलत नाही. बाई त्याला रोज बदलते.

याच्या अगदी उलट विचार मला आमच्या इंदुरातच सापडला. कॉर्बुझिए ती समुद्रकाठची झोपडी बांधत होते, त्याच काळात पुण्यात जन्मलेला एक तरुण त्यांच्या पॅरिसच्या कचेरीत काम शिकत होता. ते बाळकृष्ण दोशी. पुढे अहमदाबादेत स्थायिक झालेल्या दोशींना २०१८ मध्ये प्रित्झकर पारितोषिक मिळालं आणि २०२३ मध्ये ते गेले. इंदूर विकास प्राधिकरणासाठी त्यांनी आखलेली अरण्य ही वसाहत १९८९ मध्ये उभी राहिली. शहराच्या बाहेर, आग्रा-मुंबई रस्त्यालगत सुमारे ८५ हेक्टर जमीन आणि साडेसहा हजारांच्या आसपास घरांची योजना. तिला १९९५ मध्ये आगाखान पुरस्कार मिळाला. गरिबांसाठीचे सर्वांत लहान भूखंड साधारण ३५ चौरस मीटरचे, म्हणजे पावणेचारशे चौरस फुटांच्या आसपास.

तिथे काय दिलं होतं? घर दिलंच नव्हतं. जोतं दिलं होतं, संडास-मोरीची सोय दिली होती, पाणी-विजेची जोडणी दिली होती, कुठे एक खोली. नमुना म्हणून ऐंशी घरं बांधून दाखवली होती. बाकी ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे, आपल्या सवडीने वाढवायचं. आज विटांची एक भिंत, दोन वर्षांनी वरचा मजला, लेकाच्या लग्नाला बाहेरून जिना. गल्ल्या अरुंद ठेवल्या, म्हणजे घरांची सावली एकमेकांवर पडेल. माळव्यातल्या उन्हाळ्यात ही सावली म्हणजे फुकटचा पंखा. आणि दारापुढे ओटला.

इथे भाषेची एक गंमत सांगते. महाराष्ट्रात ओटा म्हटलं की आज स्वयंपाकाचाच ओटा डोळ्यांपुढे येतो. आमच्या माळव्यात ओटला म्हणजे दारापुढचा कट्टा. एकीकडे बाई भिंतीकडे तोंड करून उभी राहते, दुसरीकडे गल्लीकडे तोंड करून बसते. दोशींनी सर्वांत लहान घरालाही हा दुसरा ओटा दिला. भाजी निवडायला, पोराचा अभ्यास घ्यायला, शेजारणीशी चार शब्द बोलायला ही जागा. ती घराच्या क्षेत्रफळात फारशी भर घालत नाही, पण घर दुपटीने वापरता येतं. श्युटे-लिहोत्स्कींच्या आराखड्यात जी सोबत राहून गेली, ती इथे दारातच मिळाली.

असे प्रयोग आणखीही झाले. नवी मुंबईत बेलापूरला चार्ल्स कोरिया यांनी १९८०च्या दशकात ४५ ते ७५ चौरस मीटरच्या भूखंडांवर घरं आखली. एका अंगणाभोवती सात-सात घरं, आणि दोन घरांत सामायिक भिंत नाही, म्हणजे वाढवताना शेजाऱ्याची परवानगी नको. चिली देशात इकिके गावी आलेहांद्रो अरावेना यांच्या गटाने २००४ च्या सुमारास झोपडवासीयांना अर्धंच घर बांधून दिलं. मात्र ते अवघड अर्धं होतं: जिना, न्हाणीघर, स्वयंपाकघर, मुख्य भिंती. सोपं अर्धं लोकांनी नंतर आपापलं बांधलं. तिन्हीकडे एकच समज आहे: गरीब माणसाला घर पुरं करून देता येत नसेल, तर निदान ते अपुरं राहण्याची मुभा द्यावी.

अरण्यला देव्हाऱ्यात बसवायची माझी इच्छा नाही. वाढत्या घराचे दोषही वाढतात. एकाने मजला चढवला की शेजारणीच्या खोलीतला उजेड जातो. ओटल्यावर भिंत चढली की तो खोलीत गडप होतो. वाढवायला पैसा लागतो. ज्याच्याकडे तो नसतो, त्याला चांगली किंमत आली की जागा विकून पुन्हा लांब जावंसं वाटतं. शिवाय जमीन महाग झालेल्या शहरात प्रत्येकाला भूखंड कुठून द्यायचा, हा आक्षेपही खोटा नाही. बैठं घर वाढतं. पाचव्या मजल्यावरचं वाढत नाही.

तरीही एक तुलना डोक्यातून जात नाही. २०१५ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान आवास योजनेत तेव्हा आर्थिकदृष्ट्या दुर्बल कुटुंबासाठी ३० चौरस मीटर चटई क्षेत्राचं घर धरलं होतं. अरण्यचा लहानातला लहान भूखंड ३५ चौरस मीटरचा. आकडे जवळजवळ सारखे. पण एक आकडा सुरुवातीचा आहे आणि दुसरा शेवटचा. पहिल्यात घराचं वय कुटुंबाबरोबर वाढतं. दुसऱ्यात सासूबाई अंथरुणाला खिळल्या, लेक बाळंतपणाला आली, नात मोठी झाली, तरी तीस म्हणजे तीसच. मग जागा कुणाची जाते? ज्याचा आवाज लहान, त्याची. म्हातारीची खाट गॅलरीत जाते आणि वयात आलेली पोर कपडे बदलायला न्हाणीघर मोकळं व्हायची वाट बघते.

मजल्यावरच्या घरालाही थोडी वाढ देता येते, आणि ती फार महागही नाही. छत दीड-दोन फूट उंच ठेवलं तर माळा होतो. पाणी आणि सांडपाण्याचे नळ एका बाजूला घेतले तर आतली भिंत सरकवता येते. चार घरांपुढची गॅलरी थोडी रुंद ठेवली तर ती चाळीतल्या सज्जासारखी सगळ्यांची बैठक होते. मुंबईच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत मोठाले संसार झाले ते त्या लांब सज्जामुळे. पण अशा गोष्टी माहितीपत्रकाच्या फोटोत छान दिसत नाहीत, घडीचा पलंग छान दिसतो.

माझ्या दोन कसोट्या मात्र आपल्याच घरातून आलेल्या आहेत. पहिली उजेडाची. आपण सूर्यास्ताआधी जेवणारी माणसं. धान्य निवडायचं, जीव-जंतू पाहायचे, पाणी गाळायचं, ते सगळं डोळ्यांना दिसलं पाहिजे. लहान घराच्या आराखड्यात खिडकी बहुधा बैठकीला मिळते आणि स्वयंपाकघर आतल्या काळोख्या कोपऱ्यात जातं, म्हणजे भर दुपारी दिवा. छतावर सौरपट्ट्या लावून पर्यावरणपूरक म्हणवणाऱ्या घरात बाईला दुपारी बाराला दिवा लावावा लागत असेल, तर ती पाटी बदलायला हवी.

दुसरी कसोटी दोन घटकांची. 'सामायिक' या शब्दाचे आपल्याकडे दोन अर्थ आहेत. मराठीत जे सगळ्यांचं मिळून आहे ते सामायिक; आणि अठ्ठेचाळीस मिनिटं समतेत स्थिर बसायचं, तेही सामायिक. लहान घरात पहिलं सामायिक इतकं होतं की दुसऱ्याला जागाच उरत नाही. खोली सगळ्यांची, टेबल सगळ्यांचं, पलंग सगळ्यांचा. बाईचं स्वतःचं असं काही नाही. मोठी खोली मागत नाही मी. तीन फूट बाय तीन फुटांचा एक कोपरा, जिथून अठ्ठेचाळीस मिनिटं तिला कोणी 'जरा सरक' म्हणणार नाही. ज्या बाईला तिथे सामायिकाऐवजी पुस्तक वाचायचं आहे, तिने ते वाचावं. पण कोपरा हवा, आणि तो नकाशात आखलेला हवा. उरलेल्या जागेतून तो कधीच निघत नाही.

म्हणून मैत्रिणींनो, लेकीसाठी, सुनेसाठी किंवा उतारवयात आपल्यासाठी लहान घर बघायला गेलात, तर नमुन्याच्या घरातल्या कुंडीकडे आणि पडद्यांकडे पाहू नका. नकाशा मागून घ्या. दुपारी स्वयंपाकघरात दिव्याशिवाय तांदूळ निवडून बघा. पलंग स्वतः दोनदा वर-खाली करा आणि त्यावरचं अंथरूण कुठे ठेवायचं ते विचारा. कुठली भिंत पाडता येते आणि कुठली नाही, हे विचारा. कोणी आजारी पडलं तर खाट कुठे टाकायची, हे विचारा. विकणारा माणूस कंटाळेल, घरची पुरुषमंडळीही घड्याळाकडे बघतील. बघू द्यावं. त्या घरात दिवसाचे सर्वांत जास्त तास जिचे जाणार आहेत, तिच्या प्रश्नांना एक दुपार द्यायला कोणाचीच हरकत नसावी.